सायकलस्टँडवरून ऐकलेले सिनेमे

शुक्रवार पेठेत, टॉकीजच्या डाव्या भिंतीला लागून
अण्णांचा सायकलस्टँड होता.
एका सायकलीला दहा पैसे, पितळी बिल्ला.
बिल्ला हरवला तर चार आणे
आणि अण्णांची नजर.

भिंत जुनी, ओलीनं फुगलेली.
तिच्यातून संवाद येत नसत.
नायक काय बोलला, नायिका कशावर रुसली,
सगळं विटांत अडकून राहायचं.
गाणीसुद्धा धड नाहीत, शब्द गळायचे, ठेका उरायचा.
यायचं ते मागचं,
आत बसलेल्यांनी न ऐकलेलं:
व्हायोलिनांचा घोळका,
एखादी चुकार सनई,
आणि तो खालचा, पोटातला सूर
जो कानाला नाही, पाठीला ऐकू येतो.

मी पाठ लावून बसायचे.
मांडीवर सहावीचा भूगोल,
समोर तीनशे सायकली,
पाठीत सिनेमा.

अण्णांना त्यातलं कळायचं, धंद्यापुरतं.
“बासरी आली. दहा मिनिटांत इंटरव्हल.”
“ढोल लागले, मारामारी आहे, कोणी उठत नाही आता.
जा, घुल्यांकडे चहा सांगून ये.”
आणि सगळ्या तारा एकदम वर चढल्या
की विडी चपलेखाली विझवून उठायचे,
पुढच्या रांगेतल्या सायकली सुट्या करायचे,
दारं उघडायच्या आत.
पंचवीस वर्षांत
त्यांनी एकही सिनेमा पाहिला नाही,
एकाही सिनेमाचा शेवट चुकवला नाही.

त्या साली एक सिनेमा एकोणीस आठवडे चालला.
त्यात मध्यंतरानंतर बऱ्याच वेळानं
एक वाद्य यायचं.
चेलो म्हणतात, हे पुष्कळ नंतर कळलं.
मी त्याला म्हातारं व्हायोलिन म्हणायचे.
चार सूर. थांबायचं. पुन्हा तेच चार,
पण चौथा जरासा खाली,
काळोखात जिना उतरताना
एक पायरी जास्त निघावी तसा.

मी ठरवलं, इथं आई जाते.
माझी नुकतीच गेली होती,
ससूनमध्ये, मंगळवारी, कोणाला न उठवता.
मुलींनी स्मशानात यायचं नसतं, म्हणून मी घरी होते.
मग एकोणीस आठवडे,
रोज दोन खेळ,
मी तिला त्या चार सुरांवरून पोचवून यायचे
आणि उठून सायकली मोजायचे.

टॉकीजच्या जागी आता चारमजली पार्किंग आहे.
बिल्ला तिथंही देतात, कागदाचा.

गेल्या महिन्यात भाचीनं
मोबाईलवर तो सिनेमा शोधून दिला.
दीड तास मी नुसती वाट पाहत होते.
चार सूर आले. मी पदर तोंडाशी नेला.
पडद्यावर
एक जाडा माणूस, बनियनवर,
तिजोरीची किल्ली शोधत होता.
गादीखाली, पिठाच्या डब्यात, देवांच्या मागे,
पुन्हा गादीखाली.
किल्ली त्याच्याच करदोट्याला.

सहाशे माणसं हसली असतील रोज.
ते हसू भिंतीतून आलं कसं नाही?
की आलं,
आणि मी त्याला रडणं समजले?

“मावशी, कॉमेडी आहे गं ही,” भाची म्हणाली.
म्हटलं, हो ना.
मग म्हटलं, जरा मागं घे.
मोबाईल उशीखाली पालथा घातला,
भिंतीला पाठ लावली.

चार सूर.
थांबलं.
पुन्हा चार.

भाची स्वयंपाकघरात निघून गेली.
मी तशीच बसून राहिले, बराच वेळ,
जाड्याला किल्ली सापडली की नाही कोण जाणे.
आणि उशीखाली तारा एकदम वर चढल्या तेव्हा
माझे पाय पलंगाखाली
चपला शोधत होते.
पुढची रांग सुटी करायची राहिली होती.